पक्षी मारण्याचा आदेश निघाला तर: मूळ कागदापासून शेवटच्या नोंदीपर्यंत विरोध कसा करायचा

बातमी बहुधा चार ओळींची असते. अमुक पक्ष्यांची संख्या फार वाढली, पिकांचं किंवा मासळीचं नुकसान होतंय, म्हणून इतके हजार पक्षी मारायला परवानगी. वाचणाऱ्याला संताप येतो, कुणीतरी ऑनलाइन याचिका सुरू करतं, भराभर सह्या होतात. मग संबंधित खातं एक पत्रक काढतं: निर्णय शास्त्रीय आधारावर घेतलेला आहे. बहुतेक विरोध इथेच गार पडतो, कारण त्या आधारात नेमकं काय आहे हे कुणी वाचलेलंच नसतं.

हा लेख त्या वाचण्यापासून सुरू होणाऱ्या कामाबद्दल आहे. स्थानिक पक्ष्याला मारण्याचा कुठलाही आदेश पाच दाव्यांवर उभा असतो. नुकसान होतंय. ते याच पक्ष्यामुळे होतंय. पक्षी मारले की ते कमी होईल. दुसरा उपाय उरलेला नाही. आणि एवढे मारले तरी प्रजातीला धक्का लागणार नाही. यातला एक जरी दावा पडला तरी आदेश लंगडा होतो. माझ्या मते सगळ्यात कच्चा असतो तो तिसरा, आणि नेमकं त्याच्याकडेच विरोधकांचं लक्ष सगळ्यात कमी जातं. ‘बिचारा पक्षी’ म्हणणारे खूप भेटतात. ‘मारून नुकसान किती कमी होणार आणि ते तुम्ही मोजणार कसं?’ असं विचारणारे फार थोडे.

पहिलं काम: मूळ कागद मिळवा

बातमीवरून हरकत लिहू नका. बातमीत पक्ष्याचं नावही कधीकधी चुकलेलं असतं. आदेश किंवा परवाना, त्याच्या मागचं कारणांचं टिपण, पर्यावरणीय मूल्यांकन झालं असेल तर ते, संख्येचा अंदाज ज्या सर्वेक्षणावरून काढला ते सर्वेक्षण आणि सल्लागार समितीचं मत, एवढं तरी हाताशी हवं. सरकारी संकेतस्थळावर शोधताना ‘मारणे’ टाकून काही हाती लागत नाही. ‘व्यवस्थापन’, ‘नियंत्रण’, ‘संख्या घटवणे’ असं शोधा.

जे उघड नाही ते माहितीच्या अधिकारात मागा. असा कायदा आज बऱ्याच देशांत आहे. ‘सर्व माहिती द्यावी’ असा मोघम अर्ज केला की मोघमच उत्तर येतं. एकेक गोष्ट नाव घेऊन मागा: नुकसानीचा आकडा कुणी, कधी, कोणत्या पद्धतीने काढला; न मारता करायचे कोणते उपाय करून पाहिले, कुठे आणि किती काळ; मारण्याची पद्धत, हंगाम आणि क्षेत्र; चुकून दुसरे पक्षी मेले तर नोंद कोण ठेवणार; परिणाम मोजण्याची योजना; परवान्याची मुदत. आणि एक मागणी हमखास घाला: या विषयावरची अंतर्गत मतं, मसुदे आणि पत्रव्यवहार. अंतिम अहवाल गुळगुळीत असतो, मतभेद मसुद्यात सापडतात.

याचं ठळक उदाहरण अमेरिकेतलं. ओरेगनमध्ये कोलंबिया नदीच्या मुखाशी ईस्ट सँड आयलंड नावाचं बेट आहे. तिथे दोन तुऱ्यांच्या पाणकावळ्यांची प्रचंड वसाहत होती. समुद्राकडे निघालेली सामन आणि स्टीलहेड माशांची पिल्लं ते खातात, म्हणून आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स या लष्करी अभियंत्यांच्या सरकारी विभागाने २०१५ मध्ये सुमारे ११,००० पाणकावळे गोळ्या घालून मारायची आणि हजारो घरट्यांतल्या अंड्यांवर तेल लावायची योजना हाती घेतली. पोर्टलंडची ऑडुबॉन सोसायटी ही पक्षीसंरक्षण संस्था आणि इतर संस्था कोर्टात गेल्या. त्या दाव्यात जे कागद बाहेर आले त्यात फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या सरकारी संस्थेच्याच जीवशास्त्रज्ञांचं विश्लेषण होतं: पाणकावळे मारल्याने नदीत परतणाऱ्या प्रौढ माशांची संख्या वाढणार नाही, कारण पक्ष्यांच्या चोचीतून सुटलेली पिल्लं पुढे दुसऱ्या कशाने तरी मरतात. मारण्याच्या बाजूने जेवढं लिहिलं होतं ते सगळं लोकांपुढे होतं. हे एवढंच फायलीत राहिलं होतं.

ही लढाई तुमची आहे का?

हा प्रश्न टाळून पुढे जाणारे नंतर भर सुनावणीत अडकतात. आधी पक्षी खरोखर स्थानिक आहे का ते पाहा. माणसाने बाहेरून आणून सोडलेल्या आणि बेटांवरच्या मूळ पक्ष्यांचा फडशा पाडणाऱ्या प्रजातीबद्दलचे युक्तिवाद निराळे असतात, ते इथे लागू पडत नाहीत.

पण ‘स्थानिक’ म्हटलं की प्रश्न मिटला असंही नाही. बार्ड घुबड उत्तर अमेरिकेचंच, मात्र मूळचं पूर्वेकडचं. विसाव्या शतकात ते पश्चिम किनाऱ्याच्या जंगलांत पोहोचलं आणि तिथल्या आधीच संकटात असलेल्या नॉर्दर्न स्पॉटेड घुबडाला हुसकावू लागलं. २०२४ मध्ये अमेरिकन सरकारने तीस वर्षांत सुमारे साडेचार लाखांपर्यंत बार्ड घुबडं मारता येतील अशी योजना मंजूर केली. पक्षीप्रेमींतच यावरून उभी फूट पडली. अशा प्रकरणात नुसतं ‘मारू नका’ म्हणणं पुरत नाही. दुसऱ्या घुबडाचं काय, याचंही उत्तर तुमच्याजवळ हवं. नसेल, तर विरोध मारण्याच्या संख्येपुरता, पद्धतीपुरता किंवा देखरेखीच्या अभावापुरता मर्यादित ठेवा. त्यात कमीपणा नाही.

रोगाचं कारण पुढे केलं असेल तर काम तुलनेने सोपं. बर्ड फ्लूच्या साथीत बाधित कोंबड्या मारणं वेगळं आणि रानातले पक्षी मारणं वेगळं. जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक पशुआरोग्य संघटना यांचा सल्ला रानपक्ष्यांना मारण्याच्या विरोधात आहे, कारण थवे विस्कटले की विषाणू आणखी दूर जातो.

पाच दावे, एकेक करून

नुकसान किती, हे पाहताना आकड्यामागची पद्धत बघा. तक्रारअर्जांची संख्या म्हणजे नुकसान नव्हे. एखाद्या वर्षी भरपाईची घोषणा झाली की अर्ज वाढतात, पक्षी तेवढेच असतात. नुकसान एकूण उत्पादनाच्या किती टक्के हे विचारा, पण तिथे थांबू नका. सरासरी दोन टक्के असेल तरी पाणथळीला लागून असलेल्या चार शेतांचं निम्मं पीक गेलेलं असू शकतं. हे आधीच कबूल करा. कारण त्यातूनच तुमचा पुढचा मुद्दा निघतो: नुकसान चार शेतांपुरतं असेल तर उपायही त्या चार शेतांपुरता हवा, अख्ख्या प्रदेशातला पक्षी मारण्याचं कारण काय?

याच पक्ष्यामुळे नुकसान होतं का, हा प्रश्न पक्ष्याचा आहार तपासूनच सुटतो, आणि तेही वर्षभर. चीनमध्ये १९५८ साली उंदीर, माश्या, डास यांच्या जोडीला चिमण्यांनाही शत्रू ठरवलं गेलं. लोक थाळ्या बडवून चिमण्यांना बसूच देत नसत, दमून त्या खाली पडत. चिमण्या धान्य खातात हे खरंच होतं. पण पिल्लांना त्या किडे भरवतात, हे चेंग त्सो-शिन यांच्यासारख्या पक्षीशास्त्रज्ञांनी चिमण्यांची पोटं उघडून दाखवलं होतं. पुढे किडींचा सुळसुळाट झाला आणि १९६० मध्ये यादीतून चिमणी काढून तिथे ढेकूण घालावा लागला. तेव्हा तुमच्याकडच्या टिपणात आहाराचा अभ्यास असेल तर तो कोणत्या महिन्यातला आहे ते आधी बघा. फक्त सुगीच्या काळातले नमुने असतील तर अर्धं चित्र गायब आहे.

कधीकधी आरोप खरा असतो, पण गुन्हेगार मोजके असतात. न्यूझीलंडमधला किआ हा डोंगराळ भागातला पोपट. काही किआ खरोखरच जिवंत मेंढ्यांच्या पाठीवर बसून चोच मारत. त्यापायी एकोणिसाव्या शतकात सुरू झालेलं बक्षीस १९७० पर्यंत चाललं आणि दीड लाखाच्या आसपास किआ मारले गेले. पूर्ण संरक्षण मिळायला १९८६ उजाडलं. आज तो पक्षी काही हजारांवर आला आहे.

आता तिसरा दावा. इथे वेळ घालवा. पक्षी मारले म्हणजे पक्षी कमी झाले, आणि पक्षी कमी झाले म्हणजे नुकसान कमी झालं, हे दोन्ही गृहीत धरलेलं असतं. दोन्ही ठिकाणी गळती आहे.

एक तर, हिवाळ्यात किंवा टंचाईत जे पक्षी एरवी मेलेच असते तेच तुम्ही गोळीने मारता. इंग्लंडमध्ये रॉन मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वुडपिजन या शेतात उतरणाऱ्या पारव्यांवर बरीच वर्षं काम केलं. थंडीतल्या शिकारीने पुढच्या हंगामातली संख्या घटत नाही, कारण किती पारवे थंडी काढणार हे मुळात शेतात उरलेल्या खाद्यावर ठरतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. थोडे मेले की उरलेल्यांच्या वाट्याला जास्त येतं, एवढंच.

दुसरं, रिकामी जागा रिकामी राहत नाही. ऑस्ट्रेलियातला नॉइझी मायनर हा तिथलाच पक्षी, पण इतका भांडकुदळ की छोट्या पक्ष्यांना झाडावर टिकू देत नाही. त्याचा हा त्रास तिथल्या राष्ट्रीय कायद्याखाली अधिकृतपणे धोका म्हणून नोंदला गेलेला आहे. म्हणजे मारण्याचं कारण सच्चं. तरीही काही प्रयोगांत मायनर मारल्यावर आसपासचे मायनर इतक्या झटपट त्या जागी आले की संख्या पूर्वीइतकीच राहिली. झाडं विरळ झाल्यामुळे त्या पक्ष्याचं फावलं होतं, आणि झाडं विरळच होती.

तिसरं, मारायला लागल्यावर पक्षी उठून दुसरीकडे जातात, आणि ती दुसरी जागा पहिलीपेक्षा वाईट असू शकते. ईस्ट सँडच्या पाणकावळ्यांचं तेच झालं. मे २०१६ मध्ये हजारो पक्षी अंड्यांसकट घरटी टाकून एकदम निघून गेले. त्यातले बरेचसे पुढच्या वर्षांत नदीच्या वरच्या अंगाला अस्टोरिया-मेगलर पुलावर वसले. मुखाशी त्यांना समुद्रातले इतर मासे मिळत. वर गोड्या पाण्यात खायला सामन-स्टीलहेडचं प्रमाण जास्त. म्हणजे ज्या माशांसाठी एवढा उद्योग केला तेच जास्त खाल्ले जाऊ लागले, आणि वर पुलावर विष्ठेचे थर. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा सगळा कारभार.

आफ्रिकेतल्या क्वेलिया या छोट्या धान्यखाऊ पक्ष्यांचंही सांगायला हवं, कारण तिथे नुकसान अतोनात असतं आणि त्याला कुणी नाकारत नाही. ज्वारी-बाजरीवर त्यांचे लाखोंचे थवे उतरतात. त्यांच्या रातथाऱ्यांवर, म्हणजे रात्री एकत्र बसण्याच्या जागांवर, फेन्थिऑन हे कीटकनाशक फवारलं जातं. दशकानुदशकं हे चाललंय आणि क्वेलिया अजूनही जगातल्या सर्वाधिक संख्येच्या रानपक्ष्यांत आहे. फवारणीत मेलेले क्वेलिया खाऊन शिकारी पक्षी मरतात, तो हिशेब वेगळाच.

चौथ्या दाव्याबद्दल, म्हणजे पर्यायांबद्दल, पुढे बोलू. पाचव्यासाठी संख्येच्या अंदाजातली वर-खाली मर्यादा विचारा. एकच नेमका आकडा दिला असेल तर तो कुठून आला ते विचारा. याच पक्ष्याला मारण्याचे आणखी किती परवाने चालू आहेत हेही विचारा. एकेक परवाना लहान दिसतो, बेरीज कुणी केलेली नसते. ‘हा पक्षी तर भरपूर आहे’ या वाक्याला फार मान देऊ नका. कॅरोलिना पॅराकीट हा अमेरिकेतला पोपट एके काळी भरपूरच होता. फळबागांची नासधूस करतो म्हणून शेतकरी त्याला मारत. पडलेल्या सोबत्यांपाशी थवा घिरट्या घालत परत येई, म्हणून अख्खा थवा टिपणं सोपं जाई. जंगलतोड आणि इतर कारणंही होतीच. पिंजऱ्यातला शेवटचा ज्ञात पक्षी १९१८ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला.

स्वतः मोजा

सरकारी आकड्याला उत्तर द्यायचं तर हातात स्वतःची नोंद हवी. पक्षी मोजायला सगळ्यात सोयीचा वेळ संध्याकाळी रातथाऱ्यावर परततानाचा. जागा ठरलेली, वेळ ठरलेली, माणसं शक्यतो तीच. दोघांनी एकमेकांना न सांगता मोजायचं आणि आकडे शेवटी ताडून पाहायचे. फरक मोठा असेल तर तो लपवू नका, दोन्ही लिहा. मोठा थवा मोजताना आधी दहा-वीस पक्षी नीट मोजून तेवढा तुकडा डोळ्यांत बसवायचा आणि मग थव्यात असे तुकडे किती ते पाहायचं. कागदावर तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, ढग-वारा-पाऊस, मोजणाऱ्याचं नाव, आणि ‘काहीच दिसलं नाही’ असा दिवस असेल तर तोही. शून्याची नोंद टाकून दिली की बाकीच्या नोंदींवरचा विश्वास जातो. ई-बर्डसारख्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर याद्या चढवल्यात तर तारखेसकट पुरावा तयार होतो. मात्र घरट्यांच्या वसाहतीत शिरू नका. तुम्ही उठवलेले पक्षी अंडी उघडी टाकतात आणि शिकारी त्यावर टपलेलेच असतात. वसाहतीची नेमकी जागाही जाहीर करू नका.

पिकाचं नुकसान मोजताना एक हमखास होणारी गफलत म्हणजे बांधावरून फोटो काढणं. पक्ष्यांचा मारा बहुतेक वेळा कडेच्या ओळींवर, झाडाजवळ किंवा तारेजवळ जास्त असतो. कडेचे फोटो पाहणाऱ्याला वाटतं शेत गेलं. मधलं शेत पाहणाऱ्याला वाटतं काहीच झालं नाही. म्हणून मीटरभर चौरसाची चौकट घ्या, शेतात आडव्या-उभ्या ठरावीक पावलांवर ती टाका, आणि चौकटीत जे येईल ते मोजा: कणसं एकूण किती, खाल्लेली किती, त्यातली अर्धवट किती. पक्ष्याने टिपलेला दाणा, उंदराने कुरतडलेला आणि किडीने पोखरलेला, तिघांच्या खुणा वेगळ्या असतात. जाणकार शेतकऱ्याला सोबत घ्या, तो एका नजरेत सांगेल. तळ्यावर असाल तर बसलेले पक्षी आणि मासे पकडणारे पक्षी वेगळे मोजा. काठावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा त्या क्षणी काही खात नसतो.

ज्याचं नुकसान होतंय त्याला भेटा

हे काम आधी करा. सभेत किंवा कॅमेऱ्यापुढे पहिली भेट होऊ देऊ नका. शेतकरी, मासेवाला, विमानतळाचा अधिकारी, जो कुणी मारण्याची मागणी करतोय, त्याच्याशी एकट्याने बसून बोला. पक्ष्याचं महत्त्व समजावायला जाऊ नका. पक्षी त्याने तुमच्यापेक्षा जास्त पाहिलेला असतो. काय केलंत, कशाने थोडा फरक पडला, कशाने अजिबात नाही, भरपाईचा अर्ज केला का आणि त्याचं काय झालं, हे विचारा. पुष्कळदा असं निघतं की त्याला पक्षी मेलेला नकोच असतो, त्याला भरपाई वेळेवर हवी असते. ती मिळत नाही म्हणून तो बंदूक मागतो. अशा माणसाने दिलेलं दोन ओळींचं पत्र सह्यांच्या गठ्ठ्याहून भारी ठरतं.

पर्याय सुचवताना तेच बोला जे चालतं. भोंगे, चकचकीत पट्ट्या, बुजगावणी, गॅसच्या तोफा यांना पक्षी लवकर सरावतात. जागा आणि प्रकार सतत बदलत राहिलं तर काही काळ उपयोग होतो, एकच गोष्ट टांगून ठेवली तर होत नाही. हे लपवलंत तर पहिल्याच सुनावणीत तुमचा मुद्दा पडेल. जाळी सगळ्यात भरवशाची, पण महाग आणि मेहनतीची, आणि ढिली राहिली तर त्यात पक्षी, साप, वटवाघळं अडकून मरतात. बारीक डोळ्यांची आणि ताणून बसवलेली हवी. मत्स्यतळ्यांवर आडव्या तारा टाकल्याने मोठ्या पक्ष्यांना उतरणं अवघड होतं, माशांना लपायला बुडवलेल्या जाळ्यांचे किंवा फांद्यांचे आडोसेही उपयोगी पडतात. शेताजवळ पक्ष्यांसाठी मुद्दाम थोडं पीक सोडायचं आणि तिथे त्यांना अजिबात हुसकवायचं नाही, बाकी ठिकाणी मात्र हुसकवायचं, हा उपाय हंस-बदकांच्या बाबतीत युरोपात वापरला जातो. त्याचे पैसे सार्वजनिक तिजोरीतून द्यावे लागतात, हेही मागणीत लिहा. गावात-शहरात कावळे, कुरव, घारी वाढल्या असतील तर कचरा हे पहिलं कारण असतं. विमानतळावर गवताची उंची, साचलेलं पाणी आणि आसपासचे उकिरडे. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटांवर अमेरिकन नौदलाने विमानांना धडकतात म्हणून १९५० आणि ६०च्या दशकांत आल्बाट्रॉस हे मोठे समुद्रपक्षी हजारोंनी मारले. धडका त्याने आटोक्यात आल्या नाहीत.

हरकत लिहिताना

हरकतीला मुदत असते, ती चुकवू नका. मुदत संपायच्या आत द्या आणि पोहोच घ्या. पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण, कोणत्या आदेशाला आणि त्यातल्या कोणत्या भागाला हरकत घेताय. पुढे फक्त मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला त्यांच्याच कागदाचं पान. साचा साधारण असा:

‘टिपणाच्या अमुक पानावर नुकसानीचा आकडा प्राप्त तक्रारींवरून काढल्याचं नमूद आहे. प्रत्यक्ष मोजणी झाल्याची नोंद नाही. सोबत जोडलेल्या आमच्या नोंदींनुसार नुकसान पाणथळीलगतच्या शेतांत एकवटलेलं आहे. पक्षी मारल्याने या शेतांतलं नुकसान कमी होईल याला टिपणात कोणताही पुरावा दिलेला नाही, आणि ते कमी झालं की नाही हे तपासण्याची योजनाही नाही. ही योजना सादर होईपर्यंत परवानगी स्थगित ठेवावी. तोपर्यंत संबंधित शेतांना जाळीसाठी साहाय्य द्यावं.’

यात राग नाही, विशेषणं नाहीत, आणि अधिकाऱ्याला उत्तर द्यायला भाग पाडणारे दोन प्रश्न आहेत. हजार लोकांनी एकच छापील मजकूर पाठवण्यापेक्षा वीस जणांनी स्वतःच्या माहितीचं वेगवेगळं लिहिलेलं बरं. छापील मजकूर बऱ्याच ठिकाणी एकच हरकत म्हणून धरतात.

शास्त्रज्ञाची साथ मिळवायची तर ‘आम्हाला पाठिंबा द्या’ म्हणू नका. टिपण पाठवा आणि विचारा: या प्रयोगाच्या रचनेतून काही सिद्ध होईल का? स्कॉटलंडमध्ये २०१८ साली पर्थशायरमधल्या स्ट्रॅथब्रान भागात रेव्हन हे मोठे कावळे मारायला परवाना दिला गेला, जमिनीवर घरटी करणारे किनारपक्षी वाचावेत म्हणून. परवाना देणाऱ्या संस्थेच्याच वैज्ञानिक सल्लागार समितीने नंतर रचना तपासली आणि यातून अर्थपूर्ण पुरावा मिळणार नाही, असं मत दिलं. मारणं थांबलं.

कायद्याची वाट

देशोदेशीचे कायदे वेगळे, पण प्रश्न तेच फिरून येतात: कारण कायद्यात बसतं का, पर्याय तपासले का, प्रक्रिया पाळली का. युरोपीय संघाच्या पक्षी-निर्देशात संरक्षित पक्षी मारण्याची सूट नवव्या कलमाखाली मिळते, तीही दुसरा समाधानकारक उपाय नसेल तरच. अशा सुटींचा अहवाल सदस्य देशांना दरवर्षी युरोपीय आयोगाला द्यावा लागतो. तो मागून वाचण्यासारखा असतो. अमेरिकेत १९१८चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आणि पर्यावरणीय आढाव्याचा कायदा एकत्र पाहावे लागतात. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२च्या कलम ६२ खाली केंद्र सरकार एखाद्या प्राण्याला ठरावीक क्षेत्रापुरतं आणि ठरावीक मुदतीपुरतं उपद्रवी घोषित करू शकतं, पण २०२२च्या दुरुस्तीनंतर फक्त दुसऱ्या अनुसूचीतल्या. मोर पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणून सगळ्यात आधी पक्षी कोणत्या यादीत आहे ते बघा. कधीकधी लढाई तिथेच संपते.

कोर्टाकडून काय मिळू शकतं याचा अंदाज मात्र पक्का हवा. ईस्ट सँडच्या दाव्यात २०१६ मध्ये न्यायाधीशांनी सरकारने पर्याय नीट तपासले नाहीत हे मान्य केलं, तरीही मारणं थांबवलं नाही. इंग्लंडमध्ये वाइल्ड जस्टिस या संस्थेने २०१९ मध्ये सरसकट परवान्यांना आव्हान दिलं. कावळे-पारव्यांसकट अनेक पक्षी अटी तपासल्याशिवाय मारू देणारे ते परवाने होते. परवाने देणाऱ्या नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेने एप्रिलमध्ये ते रद्द केले, आणि काही आठवड्यांतच सरकारने सुधारलेले नवे परवाने आणले. प्रक्रियेच्या चुकीवर मिळालेला विजय टिकतो तो ती चूक सुधारेपर्यंत. म्हणून वकिलाशी बोलताना तीन गोष्टी आधी विचारा: दावा लावायची मुदत किती, अंतरिम स्थगिती मिळायची शक्यता किती, आणि हरलो तर समोरच्याचा खर्च अंगावर येतो का.

लोकांपर्यंत जाताना

थोडक्यात एवढंच. एक वाक्य, एक आकडा, एक माणूस ज्याचं नुकसान होतंय आणि तरी ज्याला मारणं नकोय. मेलेल्या पक्ष्यांचे रक्ताळलेले फोटो पहिल्या दिवशी पसरतात आणि नंतर लोक तोंड फिरवतात. बंदूक चालवणाऱ्यांची नावं-पत्ते फिरवू नका, त्यांच्या घरी जाऊ नका, दुसऱ्याच्या जमिनीत शिरू नका. असं कुणी केलं की चर्चा पक्ष्यावरून तुमच्यावर येते, आणि समोरच्याला तेच हवं असतं.

आदेश अंमलात आलाच तर

तरीही काम उरतं, आणि बहुतेक लोक नेमके तेव्हाच पांगतात. रद्द होत नसेल तर आखडून घ्या: विणीच्या हंगामात नाही, इतक्याच संख्येपर्यंत, एवढ्याच क्षेत्रात, शिशाच्या छर्‍यांऐवजी बिनविषारी छर्रे, त्रयस्थ निरीक्षक हजर, प्रत्येक मेलेल्या पक्ष्याची नोंद प्रजातीसह. सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे थांबायची अट. संख्या अमुक पातळीखाली गेली किंवा एका हंगामात नुकसान घटलं नाही तर परवाना आपोआप गोठेल, हे परवान्यातच लिहून घ्या.

तुमची संध्याकाळची मोजणी त्याच जागी, त्याच वेळी चालू ठेवा. शेतातली चौकटही. मारण्याआधीचे आकडे तुमच्याकडे आहेतच. मारल्यानंतरचे झाले की तुलना उभी राहते, आणि ती बऱ्याचदा सरकारकडेही नसते. मेलेल्या पक्ष्यांचा, चुकून मेलेल्यांचा आणि खर्चाचा तपशील दर हंगामानंतर माहितीच्या अधिकारात मागा. परवाना कधी संपतो ती तारीख सगळ्यांच्या कॅलेंडरमध्ये टाका. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या आधीच आतल्या आत फिरायला लागतो, तेव्हा तीन-चार महिने आधीच दोन्ही हंगामांचे आकडे एका पानावर मांडून खात्याला, सल्लागार समितीला आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांना पाठवून द्या.